नकाशातलं तळं

भिंतीवरची लाल रेघ मामीनं तीन वेळा चिखलानं लिंपून टाकली आणि रस्त्याच्या माणसांनी ती तीन वेळा परत ओढली. चौथ्यांदा ती चिखलाचा गोळा घेऊन दाराबाहेर निघाली, तेव्हा तात्यानं तिचं मनगट धरलं.

“अगं, लिंपून रस्ता वळणार आहे का?”

“मग काय करू? हार घालू रेघेला?”

“राहू दे की तिथं. रेघ काय खाते का?”

“घर खाते! पुढची खोली खाते, उंबरा खाते, आणि आढं एकदा मधोमध कापलं की मागच्या खोलीनं काय तुमच्या तोंडाकडं बघून उभं राहायचं?”

तात्यानं मनगट सोडलं. मामीनं चिखल रेघेवर थापला, हाताच्या तळव्यानं सारखा केला आणि आत जाऊन चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी रेघ परत आली, ती आधीपेक्षा जाड होती.

रस्ता दुप्पट रुंद व्हायचा होता आणि त्याच्या पोटात मामीचं अर्धं घर सापडलं होतं. उन्हाळा सरायच्या आत जागा मोकळी करा, असा कागद आला होता.

तसं ते घर म्हणजे काही मोठं वैभव नव्हतं. मातीच्या भिंती, दोन खोल्या. गंमत अशी, की गावातली निम्मी पक्की घरं तात्याच्या विटांची होती. शाळा त्याच्या विटांची, दवाखाना त्याच्या विटांचा, पुढाऱ्याचा दुमजली बंगला त्याच्या विटांचा, आणि हा गडी स्वतः मातीच्या घरात. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! गावात त्याला खंगरतात्या म्हणत. भट्टीत आगीच्या अगदी तोंडाशी बसलेली वीट जास्त भाजून काळी आणि वाकडी होते, तिला खंगर म्हणतात. ती भिंतीत सरळ बसत नाही आणि फोडायला जावं तर हातोडीचा दांडा मोडतो. तात्या बराचसा तसाच होता. आणि त्याची बायको होती अख्ख्या गावाची मामी. नेमकी कुणाची, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

सदतीस वर्षं मामीनं मातीची भिंत लिंपली. पावसात भिंत फुगायची, उन्हात तडकायची आणि मामी परत चिखल घेऊन उभी. तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं. फक्त एकदा पक्क्या विटांच्या घरात राहायचं होतं. तात्यालाही हे कळत होतं, म्हणून गेली वीस वर्षं दर भट्टी उतरली की तो एक रांग बाजूला काढायचा. एकेक वीट उचलायची, दुसरीवर वाजवायची. काशाच्या भांड्यासारखी खणखणली तर ती मामीची. बद्द आवाज आला तर विकायची. असं करत करत भट्टीच्या मागं ढीग माणसाच्या डोक्यावर गेला होता.

आणि नेमकं त्याच वर्षी सरकारनं बांधकामाच्या परवानग्यांची जुनी पद्धत मोडून नवी आणली. पुढाऱ्यानं शाळेत सगळ्यांना बोलावून सांगितलं.

“आता साहेबाच्या मागं फिरायचं नाही. एक खिडकी. अर्ज टाका, एकवीस दिवसांत परवानगी हातात. ज्यांचं घर रस्त्यात जातंय त्यांचा अर्ज पहिला. मध्ये माणूस नाहीच, सगळं वरून बघतात.”

“वरून म्हणजे कुठून?” मामीच्या शेजारच्या सुतारानं विचारलं.

“आकाशातून! गावाचा फोटो काढलाय. कुणाचं घर कुठं, झाड कुठं, ओढा कुठं, सगळं नकाशात आहे.”

“बरं झालं,” सुतार म्हणाला. “माझ्या गोठ्याची परवानगी आली तेव्हा म्हैस मरून दोन वर्षं झाली होती. आता म्हैस घ्यायच्या आधीच येईल.”

सगळे हसले. मामी सगळ्यांत मोठ्यानं हसली. खूप दिवसांनी हसली होती, तिचं तिलाच जाणवलं. घरी जाताना ती तात्याला म्हणाली, “बघा, देव दार लावतो तेव्हा खिडकी उघडतो म्हणतात, इथं सरकारनंच उघडली.” तात्या म्हणाला, “आत कोण बसलंय ते आधी बघू.”

खिडकीत एक बाई बसली होती. चष्मा, समोर कॉम्प्युटर, बाजूला पाण्याची बाटली. चांगली होती बिचारी. तिनं मामीला बसायला खुर्ची दिली, अर्ज स्वतःच भरला आणि पाच तयार नकाशे दाखवले. यातला एक निवडा म्हणाली, म्हणजे वेगळी तपासणी नाही. मामीनं तीन नंबरचा निवडला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं बसायला ओटा.

तात्यानं पडद्याजवळ नाक नेऊन नकाशा वाचला. “सगळ्या भिंती नऊ इंची दाखवल्यात. मधल्या दोन साडेचार इंची केल्या तरी चालतील. वर काही बोजाच नाही.”

“नकाशा बदलला की तो तयार नकाशा राहत नाही, तात्या. मग लांबचा रस्ता.”

“किती लांबचा?”

“लांबचा,” बाई म्हणाली.

तात्यानं बोटांवर हिशेब केला. वीस वर्षं साठवलेल्या विटा मधल्या भिंती साडेचार इंची धरून मोजल्या होत्या. आता सहाशे कमी पडत होत्या. “पाडू सहाशे,” तो म्हणाला. “आपल्या घरच्या तर विटा.”

ते एकवीस दिवस मामीच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस होते, असं म्हटलं तर खोटं नाही. भट्टीच्या जागेवर, जिथं तात्या वर्षानुवर्षं विटा पाडत होता, तिथं दोघांनी मिळून दोरी लावली आणि चुन्याच्या फकीनं खोल्या आखल्या. मामी रोज संध्याकाळी तिथं जायची. चुन्याच्या रेघेत जिथं दार दाखवलं होतं, तिथं चपला काढायची आणि मग आत पाऊल टाकायची. सुताराच्या बायकोनं एकदा ते पाहिलं आणि पोट धरून हसली. “मामी, भिंत तरी येऊ दे, मग चपला काढ!” मामी म्हणाली, “तू तुझी बदकं सांभाळ. माझ्या स्वयंपाकघरात शिरतात ती.”

विसाव्या दिवशी चुना वाऱ्यानं उडाला, तर मामीनं परत टाकला.

एकविसाव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, तात्याच्या मोबाइलवर निरोप आला. सरकार वेळेचं पक्कं निघालं. तात्याला बारीक अक्षर दिसत नव्हतं म्हणून सुतारानं वाचला.

“नामंजूर,” तो म्हणाला.

“नीट वाच.”

“नीटच वाचतोय. ‘अर्जातील जागा जलाशय असल्यामुळे बांधकामास परवानगी देता येत नाही.’”

“जलाशय म्हणजे काय?” मामीनं विचारलं.

“तळं.”

“कुणाचं तळं?”

सुतारानं मोबाइल लांब धरून परत बघितला. “तुमचं.”

तात्या हसायलाच लागला. “वीस वर्षं त्या जागेत खपतोय मी. कधी बेडूक नाही दिसला.” पण मामी हसली नाही. ती तशीच उठली आणि खिडकीकडं निघाली.

खिडकीतल्या बाईनं नकाशा उघडून मोठा केला. गाव वरून दिसत होतं. मामीला आधी काही कळेना. मग पुढाऱ्याचा बंगला ओळखू आला, शाळा ओळखू आली, आणि नदीच्या वाटेवर एक चौकोनी निळा डाग दिसला. डागाच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका होता.

“हा आमच्या राखेचा ढीग,” मामी ठिपक्यावर बोट ठेवत म्हणाली. “आणि हे निळं…” तिचं बोट थांबलं. “अगं बाई, ही तर भिजत घातलेली माती!”

विटा पाडायच्या म्हणजे आधी माती भिजवावी लागते. तात्याची पद्धत अशी, की विहिरीवरून येणारा पाट फोडायचा, सगळ्या जागेत घोटाभर पाणी भरायचं आणि माती दोन दिवस मुरू द्यायची. मग पाणी जिरलं की चिखल तुडवायचा. वर्षातून तीन-चार वेळा, दोन-दोन दिवस. आकाशातल्या त्या फोटोवाल्यानं अख्ख्या वर्षातले नेमके तेच दोन दिवस निवडले होते.

“बाई, ते तळं नाही. चिखल आहे तो. दोन दिवसांत आटतो.”

“मला पटतंय, मामी.”

“मग पुसून टाक की.”

“मला पुसता येत नाही. माझ्याकडं फक्त अर्ज घ्यायचं बटण आहे. हा नकाशा तीस दिवस लोकांना बघायला ठेवला होता. कुणी हरकत घेतली नाही म्हणून पक्का झाला.”

“कुठं ठेवला होता?”

“यातच.” बाईनं कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं.

“शाळेच्या भिंतीवर लावला असता तर मी बघितला असता,” मामी म्हणाली. “ती भिंत आमच्याच विटांची आहे. तिथं आम्ही जातो.”

बाईनं मान खाली घातली. मग तिनं दुसरा अर्ज भरला. नकाशातली चूक दुरुस्त करण्याचा. मोजणीचा साहेब जागेवर येऊन स्वतः बघेल, पाणी नाही असं लिहील, मग निळा रंग जाईल. तारीख मिळाली.

घरी आल्यावर तात्या म्हणाला, “म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतात म्हणायचे, हे तर त्याहून वरून हाकतात.”

“जुना साहेब खायचा,” मामी म्हणाली. “पण बांधावर यायचा, ऐकायचा. हे खातही नाहीत आणि ऐकतही नाहीत. आता भांडायचं तरी कुणाशी?”

साहेब यायच्या दिवशी मामीनं पहाटे उठून सगळी जागा झाडली. झाडून झाडून जमीन अशी कोरडी केली, की पाऊल टाकलं तर धूळ उडावी. साहेब आला नाही. दुसरी तारीख मिळाली. मामीनं परत झाडलं. तेव्हाही आला नाही. तिसऱ्या वेळी तारीखच मिळाली नाही, नुसता निरोप आला: तपासणी होईपर्यंत वाट पाहा.

इकडं उन्हाळा संपत चालला होता. आभाळात दुपारून ढग गोळा व्हायला लागले आणि तात्याच्या अंगात किडा वळवळायला लागला.

“सहाशे विटा पाडायच्या राहिल्यात,” तो एका सकाळी म्हणाला. “ऊन आहे तोवर वाळतील. एकदा पाऊस लागला की कच्च्या विटेचा परत चिखल. मग परवानगी येऊन काय चाटायची?”

“साहेब येऊन जाऊ दे.”

“तो कधी येणार?”

“येईल तेव्हा. तोवर त्या जागेत चूळसुद्धा भरायची नाही.”

“दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. दोनदा बोलावून आला नाही तो नेमका याच दोन दिवसांत उगवणार आहे का?”

“फोटोवाला नाही का उगवला?”

तात्या उठून बाहेर गेला. पण खंगर तो खंगर. तासाभरानं परत सुरू.

“दुसरीकडून विकत घ्या सहाशे,” मामी शेवटी म्हणाली.

हे ती बोलली आणि जीभ चावली. तात्यानं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं त्याच्या मेलेल्या बापाला शिवी दिली होती. “मी?” तो म्हणाला. “मी वीट विकत आणू? बद्द वाजणारी? आणि ती तुझ्या भिंतीत घालू?”

आठ दिवस हेच भांडण चाललं. सकाळी उठल्यापासून तात्या आभाळाकडं बघायचा आणि मामी तात्याकडं. आणि खरं सांगायचं तर मामीचंही मन ढळायला लागलं होतं. तिला त्या नऊ इंची भिंती डोळ्यांसमोर दिसत होत्या. सहाशे विटांसाठी घर अडून राहिलं आणि तोवर रस्त्याचं मशीन दारात आलं, तर जायचं कुठं? नवव्या दिवशी तात्या फावडं घेऊन पाटावर गेला. त्याचा गुडघा दुखत होता, वाकता येईना. अर्धा तास तो पाटाशी झटत होता आणि मामी लांबून बघत होती. मग ती गेली, त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि स्वतःच्या हातानं पाट फोडला.

“दोन दिवस,” ती म्हणाली. “तिसऱ्या दिवशी मला जागा कोरडी पाहिजे.”

पाणी आत शिरलं. बघता बघता चुन्याच्या खोल्या पुसून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मोटरसायकलवरून साहेब आला.

तारीख नाही, निरोप नाही. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात यंत्र. मामी त्या वेळी विटांच्या ढिगाच्या सावलीत बसली होती. तिनं साहेबाला बघितलं, मग जागेकडं बघितलं. घोटाभर पाणी स्वच्छ चमकत होतं. आभाळ त्यात उतरलं होतं. आणि मधोमध, जिथं स्वयंपाकघर व्हायचं होतं, तिथं सुताराची सात बदकं निवांत पोहत होती.

“वा,” साहेब म्हणाला. “छान आहे की तळं.”

मामी ओरडतच धावली. “हुश! हुश! साहेब, हे तळं नाही. माती भिजत घातलीय. वीट पाडायला. उद्या या, उद्या एक थेंब दिसणार नाही!”

“उद्या मी दुसऱ्या गावाला आहे, मावशी. एकशे चाळीस जागा आहेत माझ्याकडं.”

तात्या लंगडत आला. साहेबानं यंत्र समोर धरलं. “मला इथं फक्त एकच प्रश्न विचारायचाय. जागेवर पाणी आहे की नाही?”

“आहे, पण ते मी घातलंय.”

“कुणी घातलं ते यात विचारलेलं नाही. आहे, नाही. दोनच खाने आहेत.”

“मग ‘नाही’ दाबा.”

“फोटो काढावा लागतो, तात्या. फोटोत पाणी आणि खाली ‘नाही’ दाबलं तर माझी नोकरी जाईल. तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं?”

तात्या खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याची हीच खोड मामीला सगळ्यांत जास्त आवडायची, आणि त्या दुपारी तिला त्याच खोडीचा सगळ्यांत जास्त राग आला. तो पाण्याकडं बघत राहिला. “साहेब, तुम्ही मागं दोनदा येणार होता. तेव्हा आलात का नाही?”

“गाडी मिळाली नाही,” साहेब म्हणाला. तो खरंच बोलत असावा. त्यानं फोटो काढला. एक बदक मान वर करून फोटोत आलं. यंत्रानं टुण्ण केलं आणि फोटो गेला, कुठं गेला ते त्या बदकाला जेवढं ठाऊक तेवढंच मामीला.

साहेबानं जाताना पाणी मागितलं. मामीनं दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाट कुणी फोडला होता? तिनंच. दोन दिवस दम धरवला नाही तुला, असं तिला कुणी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तात्या चिखलात उतरला आणि बदकांना हाकलत राहिला. ती एका बाजूनं हाकलली की दुसऱ्या बाजूनं येत होती.

त्यानंतर मात्र नवी पद्धत जोरात चालली. पूर्वी ज्या कामांना तीन वर्षं लागत, अशी तीन कामं एका आठवड्यात झाली. पहिला निरोप आला, की दुरुस्तीचा अर्ज फेटाळला, जागेवर तळं असल्याची खात्री झाली आहे. दुसरा आला, की तळ्याच्या काठावर विटांचा ढीग टाकून अतिक्रमण केलं आहे, सात दिवसांत उचलला नाही तर उचलून नेण्यात येईल. तिसरा निरोप सांगायला पुढारी स्वतः आला. तो खुशीत होता.

“तात्या, तुमच्या तळ्याला मंजुरी आली!”

“कसली?”

“संरक्षणाची. गावात तळं एकच, म्हणून आपोआप मंजूर झालं. अर्जसुद्धा करावा लागला नाही. चारी बाजूंनी विटांचा कठडा, कमरेएवढा उंच, नऊ इंची. रस्त्याचाच ठेकेदार बांधणार.”

“आणि आमचं घर?” मामीनं विचारलं.

“त्याचा अर्ज आता बंद झाला, मामी. दुसरी जागा असेल तर नवा टाका. एकवीस दिवसांत होतं.”

“दुसरी जागा कुठनं आणू? तुमच्या गच्चीवर बांधू का?”

पुढारी इकडं तिकडं बघायला लागला. त्याचाही इलाज नव्हता. त्याच्याकडं तर कुठलंच बटण नव्हतं.

आठव्या दिवशी ठेकेदाराची गाडी तात्याच्या विटा न्यायला आली. रस्त्याच्या भरावात टाकणार होते त्या, खडीसारख्या फोडून. कठड्यासाठी दुसऱ्या विटा आणल्या होत्या. तात्यानं त्यातली एक उचलली, दुसरीवर वाजवली. बद्द आवाज आला. मग तो ठेकेदाराशी बराच वेळ काही बोलला आणि परत येऊन मामीसमोर उभा राहिला.

“त्यांना म्हटलं, कठड्याला माझ्या विटा लावा. मीच बांधून देतो.”

मामीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय म्हणालात?”

“भरावात फोडून टाकणार होते गं. वीस वर्षं निवडून काढल्यात. एकही बद्द नाही त्यात. कुठंतरी उभ्या तरी राहू देत.”

मामी तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. जेवण वाढलं, पाणी ठेवलं, पण शब्द नाही. घरात बसून तिला थापीचा आवाज ऐकू यायचा आणि ती कान झाकून घ्यायची. तिला तात्याचा संताप येत होता, स्वतःचा येत होता, आणि ज्याचा यायला पाहिजे त्याचं तोंड तिनं कधी बघितलंच नव्हतं. चौथ्या दिवशी ती उठून तिकडं गेली. तात्या एकटाच काम करत होता, दुखरा गुडघा लांब करून. मामीनं दोन थर बघितले आणि तिला राहवलं नाही.

“विटा भिजवून घेतल्यात का?”

तात्यानं मान हलवली. “पाणी आणायला गुडघा देत नाही.”

“कोरडी वीट सिमेंटच्या मालातलं पाणी पिते, ते मी तुम्हाला शिकवायचं का आता?” तिनं पदर खोचला, बादली उचलली आणि एकेक वीट भिजवून त्याच्या हातात द्यायला लागली.

दहा दिवस दोघं खपले. कठडा असा झाला, की सुतार ओळंबा लावून बघायला आला आणि न लावताच परत गेला. चारी कोपरे काटकोनात, सांधे सरळ. नदीकडच्या बाजूला दाराएवढी मोकळी जागा आणि दोन पायऱ्या. गावात इतकी देखणी भिंत दुसरी नव्हती, पुढाऱ्याच्या बंगल्याचीही नाही. अकराव्या दिवशी रस्त्याचं मशीन आलं आणि त्यानं रेघेबरहुकूम मामीचं घर कापलं. मागची खोली दोन दिवस उभी राहिली. तिसऱ्या दिवशी, मामी आधीच म्हणाली होती तशी, तीही कोसळली. तेव्हापासून दोघं सुताराच्या कारखान्याच्या आडोशाला, प्लास्टिकचा कागद बांधून राहत होते.

त्याच आठवड्यात साहेब काम पूर्ण झाल्याचा फोटो काढायला आला. बरोबर पुढारी होता. साहेबानं कठडा सगळीकडून फिरून बघितला, मापं घेतली आणि आत डोकावला. आत कोरडी ठणठणीत जमीन होती.

“पाणी कुठं आहे?”

“कधीच नव्हतं,” तात्या म्हणाला.

“फोटोत पाणी पाहिजे. नाहीतर काम पुरं झाल्याची नोंद होत नाही, आणि तळं बुजवल्याचा गुन्हा तुमच्या नावावर लागतो.” साहेबाला हे सांगताना लाज वाटत होती, पण त्यानं ते सांगितलं. “पाट सोडा थोडा वेळ. फोटो झाला की बंद करा.”

तात्या फावडं घेऊन पाटाकडं गेला. मामी पायऱ्या उतरून आत गेली आणि मधोमध उभी राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. तात्यानं वळून बघितलं तेव्हा भिंतीवरून तिचं अर्धं अंग दिसत होतं.

“अगं, बाहेर ये. पाणी येतंय.”

“येऊ दे.”

“भिजशील.”

“भिजू दे. आपल्या पक्क्या भिंतीच्या आत कधी उभी राहिले नव्हते मी. बघू दे जरा.”

तात्याचे हात थांबले. त्यानं साहेबाकडं बघितलं. साहेबानं घड्याळाकडं बघितलं. मग तात्यानं खाली वाकून पाट फोडला.

मामी भिंतीला तळवा लावून कडेकडेनं चालत होती. एक बाजू झाली, दुसरी झाली. विटा उन्हानं गरम होत्या. तिसऱ्या बाजूला पाणी तिच्या पायांपर्यंत आलं, चौथ्या बाजूला घोट्यापर्यंत. ती कोपऱ्यात थांबली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.

साहेबानं यंत्र डोळ्यांसमोर धरलं आणि परत खाली घेतलं.

“मावशी,” तो हळूच म्हणाला, “जरा बाहेर येता का? आत माणूस दिसलं की यंत्र फोटो घेत नाही.”

मामी पाण्यातून पाय ओढत बाहेर आली.